वाक्यात तपशील किती घ्यावा आणि कोणता?

प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातून आला आहे. विचारणाऱ्या ताई इतिहास शिकलेल्या आहेत आणि २०१९ च्या महापुरावर, गावाच्या जुन्या गोष्टींवर लिहितात. एका संपादकांनी त्यांचा लेख ‘फापटपसारा फार आहे’ म्हणून परत केला. त्यांनी तपशील छाटले आणि लेख दुसरीकडे पाठवला, तर तिथून ‘कोरडा वाटतो’ असं उत्तर आलं. त्या विचारतात, एका वाक्यात तपशील किती असावेत? कोणता ठेवायचा आणि कोणता काढायचा, हे ठरवायचं कशावरून? शिवाय कोल्हापूरच्या आणि बाहेरच्या वाचकाला एकच वाक्य चालतं का? दोन्ही मसुद्यांतलं एकेक वाक्य त्यांनी नमुन्याला दिलं आहे.

पहिलं असं: ‘दिनांक ६ ऑगस्ट २०१९ रोजी मंगळवारी पहाटे साडेचारच्या सुमारास आमच्या आजोबांनी १९८७ साली बांधलेल्या चार खोल्यांच्या दगडी घराच्या मागच्या परड्यातील पत्र्याच्या गोठ्यात पुराचे पाणी शिरल्याने माझ्या वडिलांनी दोन म्हशी व एका रेडकाला सोडून दिले.’

छाटल्यानंतरचं असं: ‘पुराचे पाणी गोठ्यात शिरले आणि वडिलांनी जनावरे सोडून दिली.’

ताई, दोन्ही संपादकांचं म्हणणं खरं आहे. पण दोघांनीही तुम्हाला प्रमाणाबद्दल सांगितलं, त्यामुळे तुम्ही प्रमाण बदलत राहिलात. मी कोल्हापुरात वृत्तपत्राच्या डेस्कवर उपसंपादक म्हणून बरीच वर्षं काढली, आता पुस्तकं आणि स्मरणिका तपासते. या सगळ्या काळात ‘एका वाक्यात इतकेच तपशील’ असा नियम मला कुठे कामी आलेला दिसला नाही. कामी येते ती एकच तपासणी. वाक्याचं क्रियापद शोधायचं, त्याच्याखाली रेघ मारायची आणि मग प्रत्येक तपशील त्या क्रियापदाशेजारी ठेवून विचारायचं: हा नसता तर ही क्रिया वेगळी समजली असती का?

क्रियापदच का धरायचं? आपल्या वाक्यात ते शेवटी येतं म्हणून. कोणी, कधी, कुठे, कसल्या, कशामुळे हे सगळं वाचक हातात धरून उभा असतो, आणि काय झालं ते त्याला पूर्णविरामाच्या अलीकडे कळतं. तोवर त्याला आपण जे जे धरायला दिलं ते शेवटच्या शब्दापाशी उपयोगी पडलं पाहिजे. नाही पडलं, तर त्याने ते उगाच वाहिलं.

तुमच्या पहिल्या वाक्याचं क्रियापद ‘सोडून दिले’. आता एकेक बघू. मंगळवार? जनावरं सोडण्याशी वाराचा काही संबंध नाही. १९८७? नाही. दगडी घर, चार खोल्या? नाही. गोठा परड्यात होता, पत्र्याचा होता? वडील त्या रात्री घरात झोपले असतील आणि पाणी मागून आलं असेल तर परड्याला अर्थ आहे, पत्र्याला तरीही नाही. पहाट मात्र हवी, कारण पहाटे अंधार असतो, झोप मोडलेली असते, मदतीला कोणी नसतं. साडेचार नको, ‘पहाटे’ पुरे. म्हशी हव्यात. तुमच्या दुसऱ्या मसुद्यात त्यांची ‘जनावरं’ झाली आणि तिथेच वाक्य कोरडं झालं. म्हैस पाण्यात पोहते, रेडकू लहान असेल तर वाहून जाऊ शकतं. ‘जनावरं’ म्हटलं की हा फरक पुसला जातो, आणि वडिलांचा त्या क्षणीचा खरा पेच त्या फरकातच होता.

पण याहून मोठी गोष्ट अशी की दोन्ही मसुद्यांत एक तपशील नाहीच. नदीकाठचा शेतकरी पाणी चढताना बघतो आणि तरी म्हशी वेळेवर वर हलवत नाही, असं का झालं? वाचकाला पहिली शंका ही येणार. तुमच्या गावात अनेकांनी २००५ च्या पुराची खूण धरून ठेवली होती आणि २०१९ चं पाणी त्या खुणेच्या वर गेलं. तुमच्या घरीही हेच झालं का, ते वडिलांना विचारा. झालं असेल तर लिहा: ‘पहाटे गोठ्यात पाणी शिरलं. २००५ साली ते तिथवर आलं नव्हतं, त्या भरवशावर वडिलांनी म्हशी खालीच ठेवल्या होत्या. अंधारात त्यांनी दोन्ही म्हशींची दावी कापली आणि रेडकू खांद्यावर घेतलं.’ लांबी तुमच्या पहिल्या वाक्याहून थोडीच कमी आहे, आणि फापटपसारा म्हणून यातलं काही कोणी काढणार नाही.

यात ‘सोडून दिले’च्या जागी मी ‘दावी कापली’ लिहिलं, ते लक्षात घ्या. गाठ सोडायला वेळ नव्हता किंवा गाठ पाण्याखाली गेली होती, हे त्या एका क्रियापदात येतं. विशेषणं वाढवून जे साधत नाही ते अनेकदा नेमकं क्रियापद साधतं. मात्र हे माझं कल्पनेतलं क्रियापद आहे. वडिलांनी गाठ सोडली असेल तर ‘सोडली’च लिहायचं. तपशील शोभेसाठी घडवायचा नसतो, तो विचारून आणायचा असतो. कोरडेपणावर माझ्या माहितीत तरी हाच इलाज आहे, पुन्हा जाऊन विचारणं.

आपल्या परंपरेत हा विचार फार बारकाईने झालेला आहे आणि आज लिहिणाऱ्यांना तो कोणी शिकवत नाही, याची मला खंत वाटते. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने ‘साहित्यदर्पण’ या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात अर्थदोषांमध्ये ‘अपुष्ट’ नावाचा दोष सांगितला आहे. उदाहरणात रुसलेल्या प्रियेला नायक म्हणतो, विस्तीर्ण आकाशातला चंद्र बघ आणि राग सोड. आक्षेप ‘विस्तीर्ण’ या एका विशेषणावर आहे. चंद्र बघून राग निवळेल हे समजतं, पण आकाश विस्तीर्ण असण्याची राग सोडायला काय मदत? आकाश विस्तीर्ण आहे हे खोटं नाही, कुरूपही नाही. तरी तो दोष, कारण वाक्याला जे घडवायचं आहे त्याला ते विशेषण पोसत नाही. याच्या उलट परिकर अलंकार. त्यात विशेषण साभिप्राय असतं, म्हणजे ते तिथे काहीतरी सांगायला बसवलेलं असतं.

अंबाबाईच्या किरणोत्सवावर दरवर्षी लिहिलं जातं, त्यात हा फरक स्वच्छ दिसतो. ‘सूर्याची सोनेरी, तेजस्वी, मंगलमय किरणं देवीच्या चरणांवर पडली’ यातली तिन्ही विशेषणं अपुष्ट आहेत. ‘मावळत्या सूर्याची किरणं देवीच्या चरणांवर पडली’ यातलं ‘मावळत्या’ साभिप्राय आहे. मूर्ती पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून किरणं पोचतात ती संध्याकाळी, आणि दाराबाहेर पश्चिमेला काय उभं राहिलं यावर ती पोचणार की अडणार हे ठरतं. ‘पडली’ या क्रियापदाला ‘मावळत्या’ कारण पुरवतं, ‘मंगलमय’ काहीच पुरवत नाही. भक्तिभाव दाखवायचा असेल तर चरण, मग छाती, मग मुख असा तीन दिवसांचा क्रम नीट सांगा. भाव आपसूक येतो.

इतिहासात तुम्हाला वेगळी अडचण येईल. तिथे प्रत्येक सन, प्रत्येक नाव कष्टाने मिळवलेलं असतं आणि टाकवत नाही. हे वाक्य पाहा, अशा घडणीची वाक्यं स्मरणिकांत माझ्यासमोर सतत येतात: ‘कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेल्या, १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेल्या व १८९४ मध्ये राज्याधिकार स्वीकारलेल्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखीव ठेवल्या.’ सगळे सन बरोबर आहेत. पण ‘राखीव ठेवल्या’पर्यंत येईतो वाचकाने एक अख्खं चरित्र पाठीवर घेतलेलं असतं.

इथे सरसकट छाटू नका. आधी तपशिलाचं रूप बदलून बघा. जन्माची तारीख या वाक्यात मुकी आहे, पण ‘तेव्हा महाराज २८ वर्षांचे होते’ असं म्हटलं की तीच तारीख बोलू लागते. राज्याधिकाराचा सनही तसाच. ‘कारभार हाती आल्यावर आठ वर्षांनी’ असं लिहिलं तर त्या आठ वर्षांत दरबारात कोणत्या वर्गाची माणसं नोकरीत होती, हा पुढचा परिच्छेद आपोआप उघडतो. दत्तक येणं मात्र इथे कोणत्याही रूपात नको, ते वारसाच्या प्रकरणात जाईल.

आणि याच वाक्यात काहीतरी कमीही आहे. हुकूम होता तो संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांबद्दल. त्या जागांपैकी किमान निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भरायच्या होत्या. ‘रिकाम्या होणाऱ्या’ हे दोन शब्द गाळले की असलेल्या नोकरांना काढून जागा दिल्या, असाही समज होऊ शकतो. जो तपशील काढल्यावर वाक्य खोटं होतं किंवा खोट्याकडे झुकतं, तो कितीही रुक्ष असो, राहिलाच पाहिजे. शब्दमर्यादा कितीही कडक असली तरी यात मी तडजोड करू देत नाही.

आता जे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. अनावश्यक तपशील नुसता जड असतो तर गोष्ट एवढी गंभीर नव्हती. तो चुकीचा अर्थही पेरतो. पॉल ग्राइस या इंग्रज तत्त्वज्ञाचा १९७५ साली छापून आलेला एक निबंध बोलण्यातल्या सहकार्यावर आहे. त्याचं म्हणणं असं की ऐकणारा माणूस सांगणाऱ्यावर विश्वास टाकून चालतो: हा गरजेपुरतं सांगतो आहे आणि संबंध आहे तेच सांगतो आहे. म्हणून जास्तीचं काही सांगितलं की ऐकणारा त्यामागे काही हेतू असणार असं धरून तो शोधू लागतो. दोष सांगणाऱ्याचा, आणि फसतो ऐकणारा.

अपघाताची बातमी घ्या. ‘मोटार एक महिला चालवत होती.’ बातमीदाराने पाहिलं ते लिहिलं, त्यात खोटं काही नाही. पण पुरुष चालक असता तर त्याने ‘एक पुरुष चालवत होता’ असं लिहिलं नसतं. वाचक हे जाणतो आणि निष्कर्ष काढतो की बाईने चालवली म्हणून अपघात झाला. चोरीच्या बातमीत संशयिताचं मूळ गाव, भांडणाच्या बातमीत जात, आत्महत्येच्या बातमीत ‘घटस्फोटित’ हा शब्द, सगळीकडे हेच. तो शब्द क्रियापदाला कारण म्हणून चिकटतो, लेखकाच्या मनात तसं असो वा नसो. डेस्कवर हे शब्द काढताना मला अनेकदा ऐकावं लागलं, ‘पण खरं आहे ना?’ खरं असणं ही पहिली पायरी आहे. या वाक्यात ते का आहे, याचं उत्तर लिहिणाऱ्याकडे असलंच पाहिजे. जातीमुळेच कुणाला पाणवठ्यावरून हाकललं असेल तर जात लिहायचीच, तिथे ती गाळणं हाच अन्याय. तुम्ही गावाबद्दल लिहिता, गावातल्या माणसांना नावानिशी ओळखता. तुमच्या हातून गेलेला एक फालतू तपशील एखाद्या घराला गावात राहणं अवघड करू शकतो. म्हणून इथे दोनदा थांबा.

काही वेळा तपशील सगळे हवे असतात, पण एका वाक्यात कोंबलेले असतात. पावसाळ्यात असं वाक्य रोज छापून येतं: ‘राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी दोन दरवाजे रात्री उघडल्यामुळे भोगावती नदीपात्रात सुरू झालेल्या विसर्गामुळे पंचगंगेच्या पातळीत वाढ होण्याची शक्यता लक्षात घेऊन नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा देण्यात आला आहे.’ इथे क्रियापदं चार-पाच आहेत आणि शेवटचं सोडून बाकी सगळी विशेषण किंवा कारण बनून दबली आहेत. त्यांना मोकळं करा. ‘राधानगरीचे दोन दरवाजे रात्री आपोआप उघडले. हे पाणी भोगावतीतून पंचगंगेत येईल. नदीकाठच्या लोकांनी जनावरं आणि सामान आत्ताच वर हलवावं.’ ‘स्वयंचलित’ हे विशेषण काढून मी ‘आपोआप’ क्रियापदाजवळ नेलं. त्यातून धरण भरलंय आणि पाण्याच्या दाबानेच दरवाजे उघडलेत, कोणी ठरवून उघडलेले नाहीत, हे कळतं. ते गावकऱ्याला कळणं गरजेचं आहे. ‘सात’ मी गाळलं, कारण कोल्हापूरच्या वाचकाला ते माहीत आहे. तुमच्या शिरोळच्या वाचकाला बहुधा त्याच्याही पुढची माहिती हवी असेल, कृष्णा किती चढलीय आणि नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमाशी काय स्थिती आहे.

आकड्यांचं थोडक्यात सांगते. आकडा किती बारीक द्यायचा हे त्या आकड्याने काय ठरणार आहे त्यावर. पंचनाम्यात गुंठेसुद्धा लागतात, कारण भरपाई त्यावर आहे. आठवणींच्या लेखात ‘तीन एकर’ पुरे. आणि एकाच वाक्यात एक आकडा गुंठ्यापर्यंत आणि दुसरा ‘बरीचशी जनावरं’ असा ठेवू नका. वाचकाला वाटतं की दुसऱ्याची चौकशीच केली नाही.

कोरड्या वाक्यांकडे परत येते, कारण छाटायला घाबरणाऱ्यांपेक्षा छाटून सपाट करणारे मला जास्त भेटतात. ‘पुरामुळे उसाचे मोठे नुकसान झाले’ हे वाक्य कोणत्याही जिल्ह्याला, कोणत्याही पुराला लागू पडतं, म्हणून ते कशालाच लागू पडत नाही. इथे कोणता तपशील घ्यायचा? जो वाचकाचा आधीचा समज मोडेल तो. पूर ओसरल्यावर रस्त्यावरून बघणाऱ्याला ऊस उभा दिसतो आणि पीक वाचलं असं वाटतं. शेतकऱ्याला माहीत असतं की शेंड्याच्या पोंग्यात गाळाचं पाणी गेलंय, पोंगा कुजणार आणि बाजूने पांगशा फुटणार. ‘ऊस उभा होता, पण पोंग्यात गाळ बसला होता’ एवढं एक वाक्य नुकसानीचा दहा ओळींचा तक्ता वाचण्याची इच्छा निर्माण करतं. शेजारच्या रानात काय पडलं, विहिरीत काय गेलं, मोटर कुठे सापडली, हे सगळं खरं असूनही त्या वाक्यात नको.

उत्सवाच्या, सत्काराच्या बातम्यांतल्या नावांच्या यादीला मात्र मी नावं ठेवत नाही. गावातला माणूस ती बातमी आपलं नाव बघायलाच उघडतो. तिथे यादी हाच मजकूर आहे, फक्त ती शेवटच्या परिच्छेदात असावी.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, कोल्हापूरचा वाचक आणि बाहेरचा वाचक. इथे एकच वाक्य दोघांना चालत नाही, हे आधी मान्य करा. ‘राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ वर गेलं’ हे वाक्य कोल्हापुरात पूर्ण आहे. फूट म्हणायची गरज नाही, धोका म्हणायची गरज नाही. ३९ ला इशारा आणि ४३ ला धोका हे इथल्या शाळकरी पोराला पाठ असतं. नागपूरच्या वाचकाला तेच वाक्य मुकं आहे. त्याच्यासाठी लिहावं लागेल: ‘४३ फुटांवर पाणी गेलं की पंचगंगेने धोक्याची पातळी गाठली असं मानतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५५ फुटांच्याही वर गेलं.’ त्याला तुलना दिली की आकडा कळतो. तीच तुलना इथल्या माणसाला सांगितली तर तो म्हणेल, मी तेव्हा माळ्यावर बसलो होतो, मला काय सांगता.

स्थानिक शब्दांचं काय? ते काढू नका आणि त्यांच्यामागे ‘म्हणजे अमुक’ अशी व्याख्याही जोडू नका. शब्दाला काम करताना दाखवा. गुऱ्हाळावर लिहिताना ‘काहिलीत मळी (उसाच्या रसातील अशुद्ध घटक) काढली जाते’ हे पाठ्यपुस्तकी झालं. ‘रस उकळू लागला की त्यात भेंडीचं पाणी घालतात, मळी फेसासारखी वर येते, ती काढून टाकली की रस निवळतो’ असं लिहिलं तर मुंबईच्या वाचकाला मळी कळली आणि करवीरच्या वाचकाला कोणी शिकवायला बसलंय असं वाटलं नाही. रस उकळायची ती मोठी काहील मी इथे नावाने आणलीच नाही. ती पुढच्या वाक्यात, चौघं मिळून ती चुलवणावरून उतरवतात तिथे आणेन, कारण तिचा आकार आणि वजन तिथे लागेल.

तुमच्या पुराच्या लेखाचे दोन मसुदे करा. पहिला गावासाठी, त्यात २००५ ची खूण कुठल्या घराच्या कुठल्या पायरीवर होती इथपर्यंत नावानिशी लिहा, लोक ते पडताळून बघतील आणि चुका सांगतील. त्या दुरुस्त झाल्या की मगच बाहेरच्या अंकासाठी दुसरा करा. त्यात पायरीचं घर कुणाचं ते गेलं तरी चालेल, पाणी पायरीच्या किती वर गेलं ते राहू द्या.